टूरचा पहिला आठवडा: सगळे सारखे, म्हणून सगळ्यांना पुढे जायचंय

टूर द फ्रान्स पहिल्यांदा बघणारा माणूस साधारण तिसऱ्या दिवशी वैतागतो. चार तास झाले, पावणेदोनशे सायकलस्वार एका घोळक्यात गप्पा मारत चाललेत, दोघंतिघं पुढे पळालेत आणि त्यांना पकडायची कुणालाच घाई नाही. मग शेवटच्या वीस मिनिटांत सगळ्यांच्या अंगात येतं. कोपराला कोपर घासतं, एका वळणावर दहा-पंधरा जण आडवे होतात. निकाल लागतो तेव्हा कळतं की पहिल्या शंभर जणांना वेळ एकच दिली आहे. मग एवढा आटापिटा कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. गंमत अशी की सगळ्यांची वेळ सारखी असते, म्हणूनच हा आटापिटा असतो.

आधी हिशेबाची पद्धत बघू. टूर म्हणजे तीन आठवड्यांत 21 टप्पे, मध्ये दोन विश्रांतीचे दिवस, एकूण अंतर साधारण 3,300 ते 3,500 किलोमीटर. प्रत्येक संघात आठ जण. 2025 मध्ये 23 संघ होते, म्हणजे 184 सायकलस्वार. प्रत्येकाला रोज लागलेल्या वेळेची बेरीज करत जायची, आणि शेवटी ज्याची बेरीज सर्वात कमी, तो जिंकला. पण घोळक्यात आलेल्यांची वेळ सुटी सुटी मोजत नाहीत. घोळका सलग असेल, मध्ये फट नसेल, तर त्यातल्या पहिल्या माणसाची वेळ शेवटच्यालाही मिळते. सपाट टप्प्यांवर तर तीन सेकंदांच्या आतली फटही माफ असते. हा नियम नसता तर शे-दीडशे जण ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या वेगाने एकाच रेषेवर तुटून पडले असते.

सुरुवातीचे टप्पे बहुतेक सपाट किंवा लहान-लहान चढांचे असतात, आणि सपाट रस्त्यावर घोळका फुटणं अवघड. कारण हवा. सायकलस्वाराची बरीचशी ताकद वारा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या पाठीशी राहिलं की ती वाचते. आइंडहोव्हनच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये 121 जणांच्या घोळक्यातला हवेचा अवरोध मोजला. घोळक्याच्या पोटात, मागच्या बाजूला असलेल्या माणसाला एकट्याने चालवताना लागतो त्याच्या जेमतेम 5 ते 10 टक्के अवरोध लागतो, असं त्यात दिसलं. म्हणजे मधला माणूस जवळजवळ फुकटात चाललेला असतो. अशा घोळक्याला मागे टाकायचं तर अचाट ताकद हवी, किंवा डोंगर हवा. डोंगरात वेग कमी होतो, हवेची मदत आटते आणि ज्याचे पाय खरे तो पुढे निघतो. डोंगर येईपर्यंत कागदावर सगळे सारखेच.

या सारखेपणाचा पहिला परिणाम गोड आहे. पिवळी जर्सी कुणालाही मिळू शकते.

एकूण वेळेत जो सर्वात पुढे, तो दुसऱ्या दिवशी पिवळी जर्सी घालतो. ही चाल 1919 पासूनची. शर्यत भरवणारं 'लोटो' हे वर्तमानपत्र पिवळ्या कागदावर छापलं जायचं. अखेरच्या दिवशी ती मिळणारे लोक जगात मोजके. पण पहिल्या दिवशी सगळ्यांची पाटी कोरी असते, त्यामुळे पहिला टप्पा जिंकेल त्याच्या अंगावर ती चढते. 2019 मध्ये ब्रुसेल्सला काय झालं बघा. डिलन ग्रूनवेखन हा वेगवान स्प्रिंटर (शेवटच्या काहीशे मीटरांत सुसाट सुटणारा) जिंकेल असा त्याच्या संघाचा बेत होता. माइक ट्यूनिसनचं काम त्याला वाऱ्यापासून वाचवत रेषेजवळ आणून सोडायचं. शेवटच्या दोन किलोमीटरांत ग्रूनवेखन पडला. ट्यूनिसनने मग स्वतःच जोर लावला आणि पीटर सगानला रेषेवर टायरभर अंतराने हरवलं. दुसऱ्याला पुढे सोडायला नेमलेला माणूस संध्याकाळी पिवळ्या जर्सीत उभा. नेदरलँड्सच्या सायकलस्वाराला ती मिळायला तीस वर्षं लागली होती. आधीचा मानकरी 1989 चा एरिक ब्रूकिंक. ते वर्ष लक्षात ठेवा, तिकडे परत जायचंय.

नुसत्या टप्प्याच्या विजयाने वेळेत फरक पडत नाही, म्हणून आयोजकांनी बोनस सेकंद ठेवले आहेत. साध्या टप्प्याच्या रेषेवर पहिल्या तिघांच्या एकूण वेळेतून अनुक्रमे 10, 6 आणि 4 सेकंद वजा होतात. कधी वाटेतल्या एखाद्या चढाच्या माथ्यावरही 8, 5 आणि 2 सेकंद ठेवलेले असतात. हे आकडे हास्यास्पद वाटतात, कारण शर्यत ऐंशीच्या आसपास तास चालते. पण पहिल्या आठवड्यात सगळा बाजार याच चिल्लरीवर चालतो.

2021 चा दुसरा टप्पा याचा सर्वात सुंदर नमुना आहे, असं मला वाटतं. ब्रिटनीमधला म्यूर-द-ब्रेतान्य नावाचा चढ, दोन किलोमीटरच्या आसपासचा, नाकासमोर सरळ वर जाणारा. त्या दिवशी तो दोनदा चढायचा होता. पहिल्यांदा माथ्यावर बोनस, दुसऱ्यांदा शेवटची रेषा. मात्यू फान डर पूल पिवळ्या जर्सीतल्या ज्युलियन अलाफिलिपच्या 18 सेकंद मागे होता. पहिल्या चढालाच तो एकटा सुटला. बघणाऱ्यांना वाटलं, पोराने दम फुकट घालवला; पुढे आणखी एक पूर्ण फेरी होती आणि घोळक्याने त्याला गाठलंही. पण माथ्यावरचे 8 सेकंद खिशात पडले होते. दुसऱ्या चढावर तो पुन्हा सुटला आणि जिंकला: आणखी 10. झाले 18, हिशेब बरोबरीत. आणि अलाफिलिप रेषेवर त्याच्या मागून 8 सेकंदांनी आला. तेवढ्याच 8 सेकंदांनी पिवळी जर्सी फान डर पूलची झाली. पहिल्या वेळी तो सुटला नसता तर टप्पा जिंकूनही जर्सी अलाफिलिपकडेच राहिली असती. रेषा ओलांडल्यावर त्याला रडू आवरेना. त्याचे आजोबा रेमाँ पुलिदोर आठ वेळा टूरच्या पहिल्या तिघांत आले, पण पिवळी जर्सी त्यांना एक दिवसही घालायला मिळाली नाही. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये ते वारले. नातवाला त्या जर्सीत बघायला ते नव्हते.

सेकंदांनीही निकाल लागला नाही तर? 2024 मध्ये तेच झालं. बोलोन्याला दुसरा टप्पा संपला तेव्हा तादेय पोगाचार, रेम्को एवेनेपूल, योनास विंगेगो आणि रिचर्ड कारापाझ या चौघांची एकूण वेळ सेकंदासकट सारखी होती. अशा वेळी आधी टाइम ट्रायलमधले, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या टप्प्यातले, सेकंदाचे अंश बघतात. टाइम ट्रायल झालीच नसेल तर प्रत्येकाचे टप्प्यांमधले क्रमांक जोडतात आणि ज्याची बेरीज लहान तो पुढे. त्या हिशेबाने जर्सी पोगाचारकडे गेली. दुसऱ्या दिवशी ट्युरिनला सपाट टप्पा, घोळक्यात सगळ्यांना वेळ एकच. कारापाझ स्प्रिंटर नव्हे, पण शेवटच्या गर्दीत तो पुढे घुसला आणि चौदावा आला. क्रमांकांची बेरीज फिरली आणि पिवळी जर्सी पहिल्यांदाच इक्वेडोरच्या माणसाच्या अंगावर गेली. एका सेकंदाचाही फरक न पडता! त्याच टप्प्याचा विजेता एरिट्रियाचा बिनियाम गिरमे होता, टूरचा टप्पा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी सायकलस्वार. सपाट टप्पे कंटाळवाणे असतात म्हणणाऱ्यांना मी हाच दिवस दाखवतो.

आता पुढे पळालेले ते दोघंतिघं. यांना ब्रेकअवे म्हणतात, आणि पहिल्या आठवड्यात ते बहुधा पकडलेच जातात. त्यांनाही ते ठाऊक असतं. मग पळतात कशाला? एक तर चार तास कॅमेरा त्यांच्यावर असतो, म्हणजे जर्सीवरच्या प्रायोजकाचं नाव घराघरांत दिसतं. लहान संघांचं पोट त्यावर आहे. दुसरं, वाटेतल्या चढांचे गुण. 2022 ची टूर डेन्मार्कमध्ये सुरू झाली. तो देश इतका सपाट की तिथले 'घाट' म्हणजे टेकाडं, माथ्यावर एकेकच गुण. डेन्मार्कच्याच मॅग्नस कॉर्टने दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांतली अशी सगळी टेकाडं पहिलं येऊन जिंकली आणि डोंगरांच्या राजाची लाल ठिपक्यांची जर्सी घालून आपल्याच देशातल्या गर्दीतून मिरवला. पुढे आल्प्समध्ये ती दुसऱ्याकडे जाणार हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही.

यांना पकडायचं कधी, याचंही गणित असतं. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांच्या नावाने एक आडाखा चालतो: घोळक्याने मनावर घेतलं तर दर दहा किलोमीटरला एक मिनिट कापलं जातं. म्हणजे चाळीस किलोमीटर उरलेत आणि अंतर तीन मिनिटं असेल तर पळणारे सापडणार. लवकर पकडणंही सोयीचं नसतं. मग नवे पळतात आणि पुन्हा पाठलाग. म्हणून स्प्रिंटरांचे संघ एकेक मजूर गडी घोळक्याच्या तोंडाशी लावतात. तो तासन् तास वारा खात अंतर कमी होऊ देतो, पण फार नाही. बेल्जियमच्या टिम डेक्लेर्कने हे काम इतकी वर्षं केलं की त्याचं नाव 'ट्रॅक्टर' पडलं. निकालात त्याचा क्रमांक शोधायला गेलात तर खालून मोजा.

हा झाला दुपारपर्यंतचा भाग. शेवटच्या तासात सारखेपणाची दुसरी, कडू बाजू वर येते.

प्रत्येक स्वाराच्या कानात रेडिओ असतो आणि मागे गाडीत संघाचा संचालक. पुढे अरुंद पूल आहे, चौक आहे, रस्ता वळून वारा आडवा होणार आहे, अशा वेळी सूचना एकच येते: पुढे व्हा. अडचण इतकीच की 23 गाड्यांतून 184 कानांत तीच सूचना एकाच मिनिटाला जाते. रस्ता सहा-सात जण शेजारी शेजारी मावतील एवढा. पुढच्या वीस जागांसाठी दीडशे गिऱ्हाइकं. स्प्रिंटरांना पुढे राहायचंय कारण त्यांना टप्पा जिंकायचाय. टूर जिंकायला आलेल्यांना टप्प्याशी देणंघेणं नाही. मागे कुणी पडलं तर आपण अडकू नये म्हणून तेही पुढे. आणि त्यांना राखायला त्यांचे सहा-सात जणही पुढे. तिसऱ्या आठवड्यात अर्ध्याअधिक लोकांनी अर्धा तास, एक तास गमावलेला असतो; ते खुशाल मागून येतात. पहिल्या आठवड्यात कुणीच काही गमावलेलं नसतं, म्हणून कुणीच जागा सोडत नाही. या दिवसांत माणसं पडतात ती मुख्यतः यामुळे. रस्ते वाईट असतात म्हणून नव्हे.

2025 मध्ये जास्पर फिलिप्सनने लीलला पहिला टप्पा आणि पिवळी जर्सी जिंकली. तिसऱ्या दिवशी तो हिरव्या, म्हणजे गुणांच्या जर्सीत होता. टप्प्याचा शेवट अजून लांब होता. वाटेतल्या गुणांसाठीच्या एका स्प्रिंटमध्ये शेजारच्यांची धडक झाली, तो वेगात खाली आदळला, गळ्याजवळचं हाड मोडलं आणि तो त्याच दिवशी घरी गेला. टाइम ट्रायलमध्ये एकेकटे सुटतात, तिथे तरी गर्दी नसते म्हणावं, तर 2017 मध्ये ड्युसेलडॉर्फच्या पहिल्याच टप्प्यात पावसाने निसरड्या झालेल्या वळणावर आलेहांद्रो वाल्व्हेर्दे घसरला, गुडघ्याची वाटी फुटली आणि टूर संपली. पुढच्या वर्षी तोच जगज्जेता झाला, हा भाग वेगळा.

पडण्याची शिक्षा थोडी सौम्य करायला एक नियम आहे. सपाट टप्प्याच्या शेवटच्या तीन किलोमीटरांत कुणी पडला किंवा सायकल बिघडली, तर तो ज्या घोळक्यात होता त्याच घोळक्याची वेळ त्याला मिळते. अलीकडे काही टप्प्यांवर ही हद्द पाच किलोमीटरपर्यंत नेतात. एकूण विजेतेपदाच्या दावेदारांनी हद्द ओलांडल्यावर बाजूला व्हावं आणि स्प्रिंटरांना वाट द्यावी, हा हेतू. पण हद्दीच्या आधी पोचायचीच झटापट होते; गर्दी हटत नाही, दोन किलोमीटर मागे सरकते.

जाता जाता एक. 2013 मध्ये कॉर्सिकातल्या बास्तियाला पहिल्या टप्प्याच्या शेवटच्या रेषेवरच्या कमानीखाली एका संघाची बस अडकून बसली, आणि घोळका भरधाव येत होता. आयोजकांनी घाईने रेषाच तीन किलोमीटर अलीकडे आणल्याचं जाहीर केलं, मग बस निघाली म्हणून निर्णय फिरवला. त्या गोंधळात मोठा अपघात झाला. शेवटी सगळ्यांना एकच वेळ देऊन विषय मिटवला. नियम पुस्तकात असतात, पण बस मागे घ्यायला टायरमधली हवा काढावी लागली.

डोंगराशिवाय घोळका फोडणारी एक गोष्ट आहे: आडवा वारा. वारा समोरून असेल तर आडोसा बरोबर मागे मिळतो. तो बाजूने आला की आडोसा मागे आणि तिरका सरकतो, म्हणून स्वार पंख्याच्या पाकळ्यांसारखे तिरक्या रांगेत उभे राहतात. अशी रांग रस्त्याच्या रुंदीइतकीच लांब होते, दहा-पंधरा जणांत रस्ता संपतो. सोळाव्याला तिरकं व्हायला जागाच नाही. तो रस्त्याच्या कडेला, गटारालगत, एकामागे एक अशा ओळीत अडकतो आणि वारा सगळा त्याच्या अंगावर. त्या ओळीत एकाचे पाय थकले, पुढच्याच्या चाकापासून दोन मीटर सुटले, की त्याच्या मागचे सगळे गेले, त्यांचे पाय कितीही ताजे असोत. कसलेला संघ अशा वळणाची वाटच बघत असतो. 2025 च्या पहिल्याच दिवशी लीलजवळ विंगेगोच्या संघाने वाऱ्यात वेग वाढवला. विंगेगो आणि पोगाचार पुढच्या तुकडीत राहिले, एवेनेपूल आणि प्रिमोझ रोग्लिच मागे. नुकसान 39 सेकंद, एकही डोंगर न चढता.

त्याच्या दहा वर्षं आधीचा धडा याहून कडक होता. 2015 चा दुसरा टप्पा, नेदरलँड्सच्या झीलंडमधला, समुद्र अडवणाऱ्या बांधावरचा. पाऊस, वारा, आणि घोळका फुटला. क्रिस फ्रूम पुढच्या तुकडीत. कोलंबियाचा नाइरो किंताना मागच्या तुकडीत, 1 मिनिट 28 सेकंद उशिरा. किंताना हा डोंगरांचा माणूस. टूरच्या शेवटून दुसऱ्या दिवशी आल्प दुएझच्या चढावर त्याने फ्रूमकडून एका मिनिटाहून जास्त वेळ परत काढली. तरी टूर हरला, 1 मिनिट 12 सेकंदांनी. झीलंडमध्ये गेले त्याहून कमी! बांधावरच टूर गेली असं म्हणणं थोडं सोपं करून सांगणं होईल, कारण फ्रूमने पिरेनीजमध्येही वेळ कमावली होती आणि आघाडी नसती तर तो वेगळं खेळला असता. पण समुद्रसपाटीवर गेलेले सेकंद दोन हजार मीटरवर परत आणायला काय पडतं, हे किंतानाने दाखवलं.

आता 1989. टूरची सुरुवात तेव्हा बहुधा प्रोलॉगने व्हायची. आठ किलोमीटरच्या आतली, एकेकट्याने घड्याळाविरुद्धची धाव. बाकीच्यांना कळावं कोण कुठे उभा आहे एवढाच उपयोग. लक्झेंबर्गला झालेला तो प्रोलॉग ब्रूकिंक जिंकला. पण लोकांना आठवतो तो पेद्रो देलगादो, आदल्या वर्षीचा विजेता, म्हणून सर्वात शेवटी सुटणारा. त्याची वेळ झाली, सायकल सोडायचा फळ्यांचा उतार तयार, घड्याळ सुरू, आणि माणूस गायब. वॉर्म-अप करता करता त्याला वेळेचं भान राहिलं नव्हतं. तो आला तेव्हा 2 मिनिटं 40 सेकंद होऊन गेली होती, आणि टूरचं घड्याळ कुणासाठी थांबत नाही. गतविजेता 198 जणांत शेवटचा. दुसऱ्याच दिवशी सांघिक टाइम ट्रायलमध्येही तो कोलमडला. मग उरलेले तीन आठवडे त्याने एकेक माणूस मागे टाकत काढले आणि पॅरिसला तिसरा आला, ग्रेग लेमाँडच्या 3 मिनिटं 34 सेकंद मागे. लेमाँडने लोराँ फिन्योंला 8 सेकंदांनी हरवलं ती हीच टूर. त्या 8 सेकंदांवर सगळे बोलतात. मला मात्र लक्झेंबर्गमधला तो रिकामा उतार जास्त आठवतो.

पहिला खरा घाट आला की हे सगळं एका दुपारी बदलतं. 2024 मध्ये तो चौथ्याच दिवशी आला: 2,642 मीटर उंचीचा गालिबिए. पोगाचार सुटला, टप्पा जिंकला, जर्सी परत घेतली. क्रमांकांच्या बेरजेवर ती मिळवलेला कारापाझ पाच मिनिटांहून जास्त मागे पडला. एका घाटात तो चौघांतला एक राहिला नाही. आणि म्हणूनच पुढे मोकळा झाला. वेळेत मागे पडलेल्या माणसाला पळू द्यायला कुणाची हरकत नसते. सतराव्या टप्प्यावर तो पळाला, कुणी जिवावर उदार होऊन पाठलाग केला नाही. टप्पा त्याने जिंकला, आणि टूर संपली तेव्हा लाल ठिपक्यांची जर्सी त्याच्याच अंगावर होती.